हरळीच्या प्लॉटवरची दुपार

हे खरं घडलंय. पटलं नाही तर इथेच थांबा. मला कुणाला पटवायचं नाही. जिथे पटवायला हवं होतं, तिथे तोंड झिजवून झालंय.

आणि ही गोष्ट रात्रीची नाही. गेल्या मे महिन्यातली आहे, भर दुपारची. छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादकडे जाताना रस्त्यालगत एका विद्यापीठाचं संशोधनाचं शेत आहे, तिथली. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मी मंजुषा. त्या शेतावर रिसर्च असोसिएट होते. काम होतं लॉनच्या गवताच्या नव्या जाती तयार करायचं.

म्हणजे हरळीचं. माझ्या वडिलांची अर्धी हयात शेतातली हरळी खणून काढण्यात गेली आणि मुलगी तीच हरळी लाडाकोडात वाढवते, यावरून घरी माझी भरपूर चेष्टा व्हायची.

मैदानांना, बागांना गवत हवं असतं आणि आपल्याकडे पाण्याची बोंब. म्हणून कमी पाण्यावर हिरवी राहणारी हरळी शोधायची. ठिकठिकाणाहून ती आणून चौकोनी प्लॉटमध्ये लावायची आणि मे महिन्यात मुद्दाम पाणी तोडायचं. मग कोण तगतं ते बघत बसायचं.

तहानलेलं गवत आधी तापतं, मग वाळतं. ते मोजायला पिस्तुलासारखं एक यंत्र असतं. आम्ही त्याला गन म्हणायचो. गवतावर रोखून खटका दाबला की तापमान दिसतं. हे काम ऊन डोक्यावर असतानाच करावं लागतं, नाहीतर आकड्याला अर्थ नाही.

आणि ते दोघांनी करायचं असतं. एकाने आकडा मोठ्याने वाचायचा. दुसऱ्याने लिहून घ्यायचा आणि म्हणायचं, "घेतलं." ते ऐकल्याशिवाय पुढच्या प्लॉटकडे वळायचं नाही. आमच्या सुदर्शन सरांनी घालून दिलेली ही पद्धत. सर म्हणजे या सगळ्या कामाचे प्रमुख.

माझ्याआधी या जागेवर करुणा होती.

या गोष्टीच्या आदल्या वर्षीच्या मे महिन्यात, एका रविवारी, ती याच शेतात पडलेली सापडली. उष्माघात. संध्याकाळी वॉचमनला दिसली, तोवर सगळं संपलेलं.

विद्यापीठाने लेखी कळवलं की त्या दिवशी सुट्टी होती, तिला कुणीही बोलावलेलं नव्हतं, ती स्वतःच्या मर्जीने तिथे आली असावी. सर म्हणाले, मी तर गावाला होतो, फिरायला गेली असेल.

फिरायला. मे महिन्यात. भर दुपारी. उघड्या माळावर.

करुणाचे वडील पुंडलिककाका शहागंजमध्ये शिवणकाम करतात. त्यांनी वर्षभर विद्यापीठाच्या पायऱ्या झिजवल्या. त्यांचं मागणं एकच होतं. माझी लेक कामावर असताना गेली, एवढं कबूल करा. बाकी काही देऊ नका.

कुणी कबूल केलं नाही. सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे गप्प होते. मीही कॉलेजपासून करुणाला ओळखत होते. सुट्टीच्या दिवशी न सांगता कामावर जाणारी ती मुलगी नव्हती. पण पुरावा कुठून आणायचा?

मे उजाडला. प्लॉटचं पाणी तोडलं. सर म्हणाले, "या वर्षी माणूस कमी आहे. तू एकटीच वाचायचं, एकटीच लिहायचं."

एक माणूस मेलं तरी यांना माणसं कमीच.

पहिल्या दिवशी मी एकटी गेले. आमच्या शेतावर रोजाने येणाऱ्या लीलाबाई बांधावरच्या लिंबाखाली बसल्या होत्या. एरवी त्या प्लॉटवर टिटव्या नुसता उच्छाद मांडतात. त्या दिवशी एकही नव्हती. वाराही पडलेला.

सवयीने मी मोठ्याने वाचत होते. वाचायचं, लिहायचं, पुढे जायचं. शेवटच्या रांगेत आले.

"एकावन्न," मी म्हणाले.

आणि मागून…

"घेतलं."

मी वळले. कुणी नव्हतं. सरळ सपाट जमीन, लपायला झुडूपसुद्धा नाही.

मला वाटलं, ऊन लागलं. लिंबाखाली येऊन बसले. लीलाबाईंनी तांब्या पुढे केला आणि विचारलं, "कोन व्हती वो ती पोरगी?"

"कुठली?"

"तुमच्या मागं बोलत व्हती ती. दिसंना, म्हनून इचारलं."

मी वही उचलली आणि तडक खोलीवर निघाले.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या रांगेतला एक प्लॉट वेगळा दिसला.

सगळीकडे गवत वाळून पिवळं पडत होतं. त्या प्लॉटच्या मधोमध मात्र एक पट्टा हिरवागार होता. आदल्या दिवशी तो नव्हता. मी स्वतः तिथे उभी राहून आकडा घेतला होता.

जवळ गेले तेव्हा आकार कळला…

कुशीवर झोपलेलं माणूस. गुडघे पोटाशी घेतलेले. एक हात लांब केलेला.

बाजूच्या गवतावर गन रोखली. बावन्न. हिरव्यावर रोखली.

सदतीस.

जिवंत माणसाच्या अंगाला असते तेवढी ऊब.

"घेतलं," कुणीतरी म्हणालं. अगदी माझ्या पायांजवळून.

मी पळाले. खोटं कशाला सांगू? चप्पल तिथेच राहिली.

पण उस्मानपुऱ्यातल्या खोलीवर येऊन पडले तेव्हा भीतीपेक्षा संताप जास्त होता. ती तिथेच पडली होती. ती कामच करत होती. ही गोष्ट त्या गवताला कळत होती आणि विद्यापीठाला कळत नव्हती.

मी रोज जात राहिले. हिरव्या जागेचं तापमान रोज वाढत होतं. अडतीस झालं. एकोणचाळीस. चाळीसच्या वर गेलं. बाजूचं गवत पन्नाशीच्या पुढे होतं, ते सोडा. तापाने फणफणलेल्या माणसाच्या काखेत थर्मामीटर धरल्यासारखे ते आकडे चढत होते.

आणि तो आवाज रोज थोडा बारीक होत होता. दम लागल्यासारखा.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि आकडे त्यांच्यापुढे ठेवले. आवाजाचं बोलले नाही. हिरव्या जागेचा आकार मात्र सांगितला. म्हटलं, माणसाला लाज नाही तर निदान भीती तरी वाटेल.

कसली भीती? सरांचे डोळे चमकले.

"पाणी नसताना दहा-बारा अंशांनी थंड? अगं, मंजुषा, ही वेगळी जात निघाली. आपोआप बदल झालेला दिसतोय. कुणाला बोलू नकोस. उद्या मी स्वतः येतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या जागेवर पोरगी मेली, तिथे या माणसाला स्वतःच्या नावाची नवी जात दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सर खरोखर आले. डोक्याला टोपी, डोळ्यांवर गॉगल, हातात थंड पाण्याची बाटली. गन त्यांनी माझ्याकडून काढून घेतली. "मी वाचतो. तू लिही." लीलाबाई खुरपं घेऊन आमच्या मागे होत्या, कारण सरांना त्या जागेची मुळं काढून न्यायची होती.

टिटव्या नव्हत्या. लांब रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाजही येईनासा झाला होता…

सरांनी बाजूच्या गवतावर गन रोखली. "चोपन्न."

मी लिहिलं. पण ठरवून गप्प राहिले.

"घेतलं, सर."

आवाज आला. मी ऐकला. लीलाबाईंनी ऐकला. त्यांनी माझा दंड पकडला.

सरांच्या लक्षातही आलं नाही. त्यांना वाटलं असेल, मीच बोलले. ते हिरव्या पट्ट्यावर वाकले. "बेचाळीस."

या वेळी उत्तर फार क्षीण आलं. शब्द तुटत होते. "घेत… लं… सर."

सर यंत्राच्या आकड्यावरून नजर न काढता बोलले. रोजच्या सवयीने, वैतागून, हाताखालच्या माणसाशी बोलतात तसे.

"मोठ्याने बोल, करुणा. रविवारी बोलावलं म्हणून तोंड पाडू नकोस. दोन प्लॉट राहिलेत. ते झाले की पी पाणी."

आणि मग त्यांना ऐकू आलं, की आपण काय बोललो.

ते तसेच वाकलेले राहिले. हळूहळू मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्यापासून चांगली दहा पावलं मागे होते. आवाज त्यांच्या पायांपासून आला होता.

गन त्यांच्या हातातून पडली.

"गावाला होतात ना, सर?" मी म्हणाले.

ते गाडीकडे चालत सुटले. नंतर पळायला लागले. आम्ही खाली पाहिलं तेव्हा प्लॉटमध्ये हिरवं काहीच उरलं नव्हतं. सगळं एकसारखं पिवळं. मी गन उचलून त्या जागेवर धरली. चोपन्न.

संध्याकाळी सरांचा फोन आला. वाटलं, माफी मागणार. म्हणाले, "ऊन लागलं होतं मला. काहीतरी बरळलो असेन. आणि हे बघ, लीलाबाईंनी मुळं काढली का?"

असा निगरगट्ट माणूस मी जन्मात पाहिला नाही.

मी तक्रार केली. लीलाबाई माझ्याबरोबर चौकशी समितीपुढे आल्या. रोजंदारी बुडेल म्हणून मी नको म्हणत होते, तरी आल्या. "म्या माज्या कानानं ऐकलं," त्यांनी ठणकावून सांगितलं. "सायबच म्हनले, रविवारी बोलावलं म्हनून." समितीतल्या एका साहेबांनी विचारलं, सर हे नेमकं कुणाशी बोलत होते? आम्ही खरं ते सांगितलं. मग सगळे हसले. चहा मागवला.

माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. लीलाबाईंना कामावर बोलावणं बंद झालं. सर अजून तिथेच आहेत, याच मे महिन्यात त्यांच्याकडे नवी मुलगी लागली आहे.

शहर सोडून निघायच्या आधी मी शहागंजला गेले. पुंडलिककाका शाळेचे गणवेश शिवत होते. भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी करुणाचा पदवीचा फोटो. "जय भीम, काका," म्हटलं आणि समोर बसून सगळं सांगितलं. काहीच लपवलं नाही. वाटलं होतं, ते रडतील, किंवा मला वेड्यात काढतील.

त्यांनी मशीन थांबवलं. हातातलं कापड घडी करून बाजूला ठेवलं.

"म्हंजी त्यानंच बोलावलं व्हतं."

"हो, काका."

"मला ठावं व्हतं. कुनी बोललं नाय, एवढंच." मग त्यांनी मान वर केली. "पोरी, रागात व्हती का गं ती?"

मी त्या आवाजाचा एकेक शब्द आठवून पाहिला. मला वाटत होतं, हो म्हणावं. आता त्याला सोडत नाही म्हणाली, असं काहीतरी सांगावं.

"नाही, काका. नुसतं 'घेतलं, सर' एवढंच म्हणत होती."

काकांचा चेहरा बदलला.

"अजून बी सर म्हनती त्याला?"

मी उठून बाहेर आले. शहागंजच्या गर्दीत उभी राहिले आणि तेव्हा पहिल्यांदा मला खरी भीती वाटली. भुताची नाही.

करुणा अजून तिथे काम करतेय.