मेंढीच्या छातीतलं पाणी

वॉल्टर टर्नबुलची मेंढी कोठाराच्या दारात मान पुढे ताणून उभी होती. पुढच्या पायांची कोपरं बाहेर फेकलेली, नाकपुड्या फुगलेल्या. दर श्वासाला कूस भात्यासारखी आत ओढली जात होती. मी तिचा ओठ वर करून पाहिला. हिरड्या निळसर पडल्या होत्या. छातीला ऐकायची नळी लावली, तर आत लापशी शिजावी तसं बुडबुडत होतं.

मेंढीला धाप लागायला कारणं बरीच असतात. बुरशी आलेला चारा, फुप्फुसातले जंत, न्यूमोनिया. पण हिला ताप नव्हता, आणि ती हळूहळू खंगत चालली होती. आमच्या स्कॉटलंडच्या टेकड्यांवर मेंढ्यांच्या फुप्फुसात गाठी होऊन पाणी साचतं. त्यावर औषध नाही.

"वॉल्टर, मागचे पाय उचल," मी म्हणाले. "पाणी असेल तर नाकातून गळेल."

"नको हो डॉक्टर," त्याची बायको एल्स्पेथ पुढे झाली. "बाटलीनं दूध पाजून वाढवलीय मी हिला."

"अगं, बघू तर दे त्यांना! नवऱ्याला कधी एवढं जपलं नाहीस."

त्यानं पाय उचलले. नाकातून करडं, फेसाळ पाणी सुटलं. मी बादली धरली. एरवी कपभर निघतं. हे थांबेचना. लाळेसारखे चिकट धागे लोंबत होते. पुवाचा वास मला सवयीचा आहे. हा वास वेगळा होता, झोपेतून उठलेल्या माणसाच्या तोंडाचा. एक कोमट थेंब माझ्या ओठावर उडाला. मी बाहीनं पुसला, पुन्हा पुसला, तरी ओठ बुळबुळीतच लागत राहिला.

बादली काठोकाठ भरली, तेव्हा धार थांबली. मेंढीनं डोकं झटकलं आणि सरळ गव्हाणीकडे जाऊन चारा खाऊ लागली.

"वाचली!" एल्स्पेथ हसली, रडलीसुद्धा.

मी पुन्हा नळी लावली. हृदय संथ, नीट चाललं होतं. फुप्फुसात काहीच ऐकू येईना. मी तिचं तोंड आणि नाकपुड्या घट्ट दाबून धरल्या. कुठलंही जनावर हिसडा मारतं. ती शांत डोळ्यांनी माझ्याकडे बघत उभी राहिली. बराच वेळ.

मागे घरघर ऐकू आली.

वॉल्टरनं वास कोंडायला बादलीवर पोतं टाकलं होतं. पोतं आत ओढलं जात होतं. मग फुगत होतं. पुन्हा आत.

"वारा असेल," तो म्हणाला. दाराबाहेरचं गवत जराही हलत नव्हतं.

मी बॅगेतून सुई काढली. "हिला आत्ताच कायमचं झोपवायला हवं."

"बरी झाल्यावर?" एल्स्पेथनं मेंढीच्या गळ्याला मिठी मारली. "का पण? कारण तरी सांगा!"

मी सुईत औषध ओढून घेतलं.

तेवढ्यात मेंढीचं कोकरू कुंपणाच्या फटीतून आत घुसलं. भुकेजलेलं होतं. कोणी अडवायच्या आत आईच्या कासेला लागलं.

मी त्याच्या कुशीकडे बघत होते. ती भरभर हलत होती. मग सावकाश.

मग थांबली.

कोकरू तसंच लुचत राहिलं. शेपूट आनंदानं हलत होतं.