राहून गेलेली क्लच प्लेट

दिंद्रुड फाट्यावर व्हॅन थांबली ती थांबलीच. शिवकन्येनं पहिला गिअर टाकला, रेस दिली, आणखी दिली. इंजिन नुसतं बोंबलत राहिलं, गाडी तसूभर हलेना. मागे दाटीवाटीनं बसलेल्या शाळेच्या पोरी खिदळायला लागल्या. बाहेर भुरभुर पाऊस, काचेवर एकच वायपर चालू, आणि गाडीत काहीतरी करपल्याचा वास.

"ओ ताई, रेस नका देऊ! जळंल ती!"

समोरच्या गॅरेजच्या पत्र्याखालून एक तरुण हातातल्या पान्यासकट पळत आला.

"काय जळंल?" काच खाली करत तिनं विचारलं.

"क्लच प्लेट. इंजिनचा जोर चाकाला तीच देती. ती जळाली की तुमी इथंच आन् ह्या पोरीबी इथंच. माझं काय, मी चहा सांगतो सगळ्यांला."

"चहा ऱ्हाऊ द्या. गाडी हालवून द्या."

"हालवतो की. पर हसून सांगितलं तर लवकर हालंल."

शिवकन्या हसली नाही. म्हणजे तेव्हा तरी नाही. तो चिखलातच उताणा पडून गाडीखाली सरकला, केबलचा नट फिरवून त्यानं पेडलला थोडी ढील दिली, "दाबा... सोडा... आता दाबा" करत राहिला, आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत, कानावर, नाकाच्या शेंड्यावर चिखल होता. मग मात्र तिला हसू आवरेना. तो बघतच राहिला. पाऊस पडतोय याचं त्याला भान होतं असं काही दिसलं नाही.

"नाथा म्हणत्यात मला," तो म्हणाला. तिनं विचारलंच नव्हतं.

व्हॅन शिवकन्येच्या वडिलांची, सुग्रीव अण्णांची. किती लाख किलोमीटर पळाली ते सांगणारा मीटर कधीचाच बंद पडला होता. साखरेच्या आजारात अण्णांच्या डाव्या पायाची बोटं काढावी लागली आणि क्लच दाबणं त्यांना जमेनासं झालं, तेव्हा लेक स्टिअरिंगवर बसली. पोरगी गाडी हाणती म्हणून भावकीनं नाकं मुरडली. अण्णांनी सगळ्यांना गप्प केलं. लेकीला मात्र एक गोष्ट बजावून ठेवली होती. "तुझ्यावर भरवसा हाय म्हणून चावी दिली. ज्या दिवशी गावात तुझ्या नावाचा बोभाटा होईल, त्या दिवशी चावी माझ्या खिशात आन् मिळंल त्या घरी तुझं लगीन." अण्णा बोलले म्हणजे करणार, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

ढील दिली की व्हॅन आठवडाभर गुमान ओढायची आणि मग पुन्हा क्लच घसरून नुसती बोंबलायला लागायची. मग पुन्हा फाटा, पुन्हा नाथा. पोरींना शाळेत सोडून परतताना ती गॅरेजसमोर गाडी लावायची. काम चिमूटभर, पण ते चालायचं मात्र चहा निवेपर्यंत.

"आज कशानं बिघडली?"

"तुमच्या हातानं. मागच्या टायमाला नीट केली असती तर आले असते का?"

"मग नीट केली न्हाई तेच बरं झालं."

"मिस्त्री हाय का चोर हाय तुमी?"

"चोरलंय का काय तुमचं? सांगा... वापस देतो."

ती उगाच आरसा नीट करत बसली, आणि आरशात तोच दिसत होता.

पुढं कधीतरी नाथा 'ताई' म्हणायचा बंद झाला. 'तुमी'चं 'तू' झालं. कोणत्या खेपेला, हे दोघांनाही सांगता आलं नसतं, पण त्या दिवशी शिवकन्या घरापर्यंत गालातल्या गालात हसत गेली आणि रस्त्यातल्या एका म्हशीला धडकता धडकता वाचली.

एकदा हात पुसता पुसता नाथा गंभीर झाला. "खरं सांगू का? प्लेट संपत आलीय. ढील देऊन काय उपयोग न्हाई. गिअरबॉक्स उतरवून नवी टाकावी लागंल."

"टाकल्यावर?"

"टाकल्यावर काय... दोन-तीन साल बघायचं काम न्हाई."

"म्हंजी इकडं यायचंबी काम न्हाई."

नाथा पान्यावर नसलेलं ग्रीस पुसत राहिला.

"मग घाई काय हाय?" शिवकन्या म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

खरं तर ती ड्रायव्हरची लेक आणि तो मिस्त्री. झिजलेली प्लेट एक दिवस दगा देणार, हे गावातल्या कुणालाही या दोघांइतकं कळत नव्हतं. पण आठवड्यातून एकदा भेटायला दुसरं कारण कुठून आणायचं? झिजलेली प्लेट होती म्हणून तर भेट होत होती. दोघांनीही डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं.

त्याच सुमारास पोलीस भरती निघाली. चालकाच्या जागा होत्या. शिवकन्या धावण्यात पास झाली, राहिली फक्त गाडी चालवायची चाचणी. वयाच्या अटीत बसायचं तिचं हे शेवटचं वर्ष. निवड झाली तर अंगावर स्वतःची वर्दी येईल, आणि मग अण्णांपुढे नाथाचं नाव घ्यायची छाती होईल. असं तिनं मनात पक्कं केलं होतं. नाथाला सांगितलं नव्हतं, पण तो काही दूधखुळा नव्हता. गॅरेजमागच्या पडीक रानात त्यानं जुने टायर मांडले आणि तिच्याकडून रिव्हर्सचा सराव करून घ्यायला लागला.

"रिव्हर्स घेताना मागं बघायचं. माझ्याकडं न्हाई."

"तूच मागं उभा हायस. मी काय करू?"

"मग... बघ," नाथा म्हणाला आणि टायरला अडखळून पडला.

चाचणी तोंडावर आली तेव्हा त्यानं पुन्हा विषय काढला. "गाडी ठेव माझ्याकडं. प्लेट टाकून देतो. बीडच्या वाटंला चढ हाय, मला भ्या वाटतंय."

"भरती झाली की मी टरेनिंगला जाणार. मग कुठली व्हॅन आन् कुठला फाटा..." ती स्टिअरिंगवर बोट फिरवत म्हणाली. "तवर तरी येऊ दे की मला."

त्यालाही तेच हवं होतं. त्यानं गाडीखाली सरकून पुन्हा ढील दिली. नट फिरवायला आता आटेच उरले नव्हते.

चाचणीच्या सकाळी अण्णा इस्त्रीचा सदरा घालून व्हॅनमध्ये बसले. एसटीच्या पायऱ्या त्यांना चढवत नव्हत्या, आणि लेकीनं सरकारी गाडी चालवलेली त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. वडवणी मागे पडली. घाटसावळीच्या अलीकडे चढ लागला आणि व्हॅननं जीव सोडला. इंजिन ओरडत होतं आणि गाडी मागे सरकत होती. करपल्याचा वास एवढा सुटला की अण्णांनी नाकाला उपरणं लावलं. शिवकन्येनं हँडब्रेक ओढला, उतरून चाकामागे दगड लावला आणि तशीच उभी राहिली. नटाला हात लावून उपयोग नव्हता, हे तिला बघायचीही गरज नव्हती.

"तू जा," अण्णा म्हणाले. "माझं बघू नको. पळ!"

पहिल्या गाड्या थांबल्याच नाहीत. शेवटी कांद्याच्या टेम्पोनं तिला घेतलं. ती मैदानाच्या फाटकाशी पोचली तेव्हा तिच्या तुकडीची चाचणी होऊन गेली होती. तिनं विनवण्या केल्या, रडली, बापाचा पाय सांगितला. नियम तो नियम. आतून कुणाचीतरी गाडी रिव्हर्स घेतल्याचा आवाज येत होता. शिवकन्या भिंतीला टेकून तो ऐकत राहिली.

निरोप मिळाल्यावर नाथानं जीपला साखळी बांधून व्हॅन ओढून आणली. दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स उतरला. प्लेट बाहेर आली ती झिजून नुसता पत्रा झालेली; उघड्या पडलेल्या रिव्हेटांनी इंजिनच्या चकतीवर, फ्लायव्हीलवर, गोल चरे पाडले होते. अण्णांनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली. सगळा जन्म गाडीवर काढलेला माणूस, त्यांना कोण काय सांगणार?

"हे एका दिसाचं काम न्हाई, मिस्त्री. कवापासनं झिजतीय ही. गाडी दर आठवड्याला तुझ्याकडं येत व्हती. तुला दिसलं न्हाई?"

"दिसलं, काका."

"मग कावून बोलला न्हाईस?"

शिवकन्येच्या अगदी ओठांवर आलं... तो बोललता, अण्णा. मीच नको म्हणाले. पण मग अण्णा विचारणार, तू कावून नको म्हणालीस? आणि त्याला एकच उत्तर होतं.

नाथानं तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि मान खाली घातली. "चुकलं माझं. वाटलं, चालंल आणखी थोडे दिस. ताईंला मी काय सांगितलंच न्हाई."

"माझ्या लेकीचं नशीब खाल्लंस तू," अण्णा म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. प्लेट त्यांनी हळूच खाली ठेवली आणि लंगडत समोरच्या हॉटेलच्या बाकड्यावर जाऊन बसले.

शिवकन्या गाडीशेजारी उकिडवी बसली. गाडीखालून नाथाचे फक्त पाय दिसत होते.

"नाथा..."

"पाना दे. तो बारका न्हाई, त्याच्या शेजारचा."

तिनं दिला. "मी सांगते अण्णाला. आत्ता जाऊन सांगते."

"काय सांगशील?"

"तू सांगितलतंस. मीच ऐकलं न्हाई."

"आन् कावून ऐकलं न्हाई म्हणून इचारलं तर?"

"तर सांगंन की... तू आवडतोस म्हणून."

पाना थांबला. इतके दिवस दोघांपैकी कुणीच हे तोंडानं बोललं नव्हतं, आणि बोलायला मुहूर्त मिळाला तो असा.

"लई उशीर केलास," गाडीखालून आवाज आला.

"तू तरी कुठं बोललास?"

"म्हणलं, आधी वर्दी मिळू दे. मग वर्दीवाल्या बाईलाच इचारू. न्हाई म्हणाली तर निदान पकडून तरी नेईल."

शिवकन्या हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. तिनं ओढणी तोंडात कोंबली. रस्त्यापलीकडे अण्णा बसले होते.

"सांगू नको," नाथा म्हणाला. "चावी काढून घेतली तर तुझ्याकडं काय ऱ्हाईल? नोकरी गेली ती गेली. गाडी तरी ऱ्हाऊ दे. त्या पोरींला घरचे शाळंत धाडत्यात ते तुझी गाडी हाय म्हणून."

"आन् आपलं?"

गाडीखाली पाना पुन्हा फिरायला लागला.

"आपलं... अण्णा आता मला दारात उभं करतील का? तूच सांग."

नाही करणार, हे तिलाही कळत होतं. तरी ती उठून रस्ता ओलांडू शकली असती. ती उठली नाही. नाथानं 'सांगू नको' म्हटल्यावर तिला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्या क्षणाची लाज तिला पुढे कायम वाटत राहिली.

नाथानं फ्लायव्हील माजलगावला लेथवर नेऊन घासून आणलं. प्लेट नवी, प्रेशर प्लेट नवी, बेअरिंग नवं, केबलसुद्धा नवी. गिऱ्हाईक फिरून यावं म्हणून मिस्त्री लोक काहीतरी बाकी ठेवतात म्हणे. नाथानं काहीच बाकी ठेवलं नाही.

गाडी बाहेर काढताना पेडल इतकं मऊ लागलं की शिवकन्येला आपण दुसऱ्याच कुणाच्या गाडीत बसलोय असं वाटलं. नाथा पाठमोरा हात धूत होता. धुऊन झाले तरी धूत होता.

"काम चोख केलंय गाढवानं," थोडं पुढे गेल्यावर अण्णा म्हणाले. मग काचेबाहेर बघत बोलले, "पर पुन्हा ह्याच्याकडं गाडी लावायची न्हाई."

"बरं, अण्णा."

ती अजून रोज त्या फाट्यावरून जाते. व्हॅन एकदाही बंद पडलेली नाही. परवा माजलगावच्या सरळ रस्त्यावर तिच्या लक्षात आलं, आपला डावा पाय उगाचच क्लचवर टेकलाय. असा पाय ठेवून गाडी चालवली की प्लेट लवकर झिजते, हे नवख्या ड्रायव्हरलाही पहिल्याच दिवशी सांगतात. ती काही नवखी नव्हती. किती दिवसांपासून पाय तिथं होता कुणास ठाऊक. आणि प्लेट झिजली तरी गाडी आता दुसऱ्याच गॅरेजला जाणार होती. मागे पोरी मोठमोठ्यानं गाणं म्हणत होत्या. शिवकन्येनं पाय उचलला आणि बाजूला ठेवला.