पांढरीवरची कट्यार

कपिलधारच्या धबधब्यावर जायचा बेत तेजश्री आणि रविराजने चार दिवस रंगवला होता. तात्यांनी तो दुपारी जेवता जेवता मोडून टाकला. उद्या सकाळी ग्रामसभा आहे, घरातल्या पोरांनी पुढं बसायचं आणि टाळ्या वाजवायच्या, एवढंच ते म्हणाले.

विजयसिंह तात्या म्हणजे तेजश्रीच्या वडिलांचे थोरले भाऊ आणि पालीजवळच्या या गावाचे सरपंच. रविराज त्यांचाच मुलगा. टाळ्या कशासाठी, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. गावामागे पांढऱ्या मातीचं जुनं टेकाड होतं, त्याला सगळे पांढरी म्हणत. तिथं तात्यांच्या माणसांना मातीने गच्च भरलेल्या मडक्यात खोचलेली तांब्याची कट्यार सापडली होती. पांढरीवर पुरातत्त्वाचं खोदकाम करणाऱ्या योगिता मॅडम नेमक्या त्या दिवशी बीडला गेल्या होत्या, याबद्दल मात्र कुणी बोलत नव्हतं.

तात्यांचा हिशोब सरळ होता. कट्यार राजाची, गाव राजाने वसवलं आणि आपलं घराणं त्या राजाचं. तेव्हा पांढरीला कुंपण घालायचं आणि तिथं मेंढ्या घेऊन उतरलेल्या दगडाबाईच्या कुटुंबाला हाकलायचं. ती माणसं दरवर्षी दिवाळीला तिथंच उतरत. यंदा त्यांनी जायचं कुठं, हा प्रश्न तात्यांना पडलाच नव्हता.

बेत मोडल्याचा राग तेजश्रीने भलतीकडेच काढला. संध्याकाळच्या आत ती पांढरीवर पोचली, मागोमाग रविराजही. दगडाबाईची नात बबिता मेंढ्यांभोवती जाळी बांधत होती.

"उद्यापासून इथं न्हाई बांधायचं," तेजश्री म्हणाली. "ही जागा आमच्या राजाची हाय."

"कावून न्हाई? आमी काय काल आलोत का?"

"तुमी फिरस्ते. गाव आमी वसवलं."

बबिताने हातातली खुंटी तिच्या पायाशी आपटली. रविराज मध्ये पडला आणि दोघींकडून बोलणी खाऊन बाजूला झाला. तेवढ्यात योगिता मॅडम खड्ड्यातून वर आल्या. कट्यार राजाची म्हणायला त्या तयार नव्हत्या म्हणून गावाने चार दिवस त्यांच्याशी अबोला धरला होता, त्यामुळे त्याही तापलेल्याच होत्या. दोघींचे दंड धरून त्यांनी त्यांना खाली उतरवलं.

खड्ड्याच्या भिंतीत एकावर एक थर दिसत होते. तळाशी करड्या राखेत जनावरांचे खूर स्पष्ट उमटले होते.

"पहिली नगरं कशी उभी राहिली, यावर आम्हा लोकांतही भांडणं आहेत," मॅडम म्हणाल्या. "कुणी पाण्याचं नाव घेतं, कुणी व्यापाराचं, कुणी लढायांचं. इथली माती मला एवढं सांगते. आधी जनावरं घेऊन माणसं नदीकाठी उतरली. खतावर धान्य पिकलं. खाऊन उरलेलं या वरच्या थरातल्या पेवात, म्हणजे धान्याच्या खड्ड्यात साठवलं. पेवाला राखणदार लागला, आणि राखणदार हळूहळू मालक झाला. राजा आला असलाच, तर सगळ्यात शेवटी."

"मग कट्यार?" रविराजने विचारलं.

"ती मी जमिनीत पाहिलीच नाही. उपटून आणलेल्या वस्तूबद्दल मी काय सांगणार?"

तेजश्रीला हे मुळीच आवडलं नाही. राखणदाराचा मालक झाला, हे ऐकून तिला उगाच आपलं घर आठवलं.

घरी आल्यावर तात्यांनी तिला मडकं पुसायला बसवलं. आतली माती सांडू नकोस, राजाची आहे, असं दोनदा बजावलं. पुसता पुसता काठाशी मातीत रुतलेली एक लेंडी दिसली. बोट खुपसलं तर आणखी एक, आणि तिच्याखाली सोयाबीनचं टरफल! महिनाभर खळ्यावर तीच टरफलं झाडलेली, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. आजोबांच्या लहानपणी गावात नसलेलं पीक राजाच्या मडक्यात कसं आलं?

टरफल कालपरवा पडलं असेल, रविराज म्हणाला. पण लेंडीचं वय सांगू शकेल असं गावात एकच माणूस होतं, आणि त्याच माणसाशी ती तासाभरापूर्वी भांडून आली होती. तेजश्रीचा पाय निघेना. तरी ती रविराजला घेऊन गेली.

बबिताने तिला बराच वेळ तसंच उभं ठेवलं. मग लेंडी घेतली आणि नखाने फोडली. आत अजून हिरवट होतं.

"आठ-धा दिसांची हाय. आमच्याच मेंढ्यांची," ती म्हणाली. "तुज्या तात्यानं खतासाटी सोयाबीनच्या रानात आठ राती मेंढ्या बसवून घेतल्यात की. तितलीच माती हाय ही."

तिघांनाही एकदम उलगडलं. पांढरी खणायला कठीण, आणि कट्यार शोधून काढणारा तात्यांचा ट्रॅक्टरवाला अजिनाथ एक नंबरचा आळशी! पुरायचं मडकं भरायला त्याने शेजारच्या त्याच रानातली भुसभुशीत माती घेतली होती.

सकाळी ग्रामसभेत तात्यांचं भाषण रंगात आलं. दगडाबाईची माणसं लांब लिंबाखाली उभी होती, त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं. तेजश्री उठून पुढं गेली. तिने टेबलावरचं मडकं उचललं आणि सगळ्यांसमोर उपडं केलं.

"तात्या, राजाच्या मडक्यात मेंढ्यांच्या लेंड्या कशा?"

तात्यांचा हात वर गेला. रविराज मध्ये उभा राहिला. बबिता लिंबाखालून पुढं आली आणि तिने एकेक लेंडी फोडून पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या तळहातावर ठेवली. जन्मभर शेतात घालवलेली माणसं ती. एकाने वास घेतला, दुसऱ्याने मान हलवली, आणि सगळे तात्यांकडे पाहू लागले.

तात्यांचं भान सुटलं. "अज्या, पांढरीचीच माती भर म्हणलं होतं ना तुला!"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं. सगळी सभा अजिनाथकडे वळली. जुन्या बाजारातून कट्यार आपणच आणली, हे अजिनाथने न विचारताच सांगून टाकलं.

कुंपणाचा ठराव तिथंच बारगळला. दगडाबाई दरवर्षीसारखी पांढरीवर उतरेल आणि खोदकाम चालू राहील, असं ठरलं. मॅडमनी तिन्ही पोरांची पाठ थोपटली. म्हाताऱ्यांनीही शाबासकी दिली, पण तात्यांकडे चोरून बघत.

दगडाबाई तात्यांसमोर येऊन थांबली.

"मालक, पुढल्या साली तुमच्या रानात मेंढ्या बसणार न्हाईत." मग तिने तेजश्रीकडे बोट केलं. "हिच्या बापाच्या तुकड्यात बसतील, आठ राती. पोरीला लेंडी वळखू येती."