खाणीच्या तळाशी कुजलेले सत्य

"माझी आजी चोर नाही!"

निकिताच्या आवाजाने वाघोलीच्या जुन्या दगडखाणीच्या कडा थरारल्या. खाणीत साचलेल्या हिरव्या पाण्यात रोहू आणि कटला पाळले होते; त्यांना खाऊ घालणारी तिची आजी मालनबाई मान खाली घालून उभी होती.

"मग खाद्य जातं कुठे?" मालक योगेशराव गरजले. "रोज दहा किलो यंत्रात भरायला देतो, तरी मासे रोडच! शनिवारी शेवटचा हिशेब. मग कामावर यायचं नाही!"

सॉफ्टवेअर कंपनीतल्या या गृहस्थांनी मार्चमध्ये पलीकडच्या कड्यावर ते यंत्र बसवले होते. आठच्या ठोक्याला ते आपोआप गोळ्या फेकी.

दुसऱ्या दिवशी निकिता आणि तिचे मित्र पायल व बुद्धभूषण आठच्या आधीच काठावर दबा धरून बसले. यंत्र घरघरले. गोळ्या बरसल्या. पण तिथले पाणी पाटीसारखे निश्चल! एकही तोंड वर आले नाही.

"अगं, इकडे बघ!" पायल किंचाळली. अलीकडच्या पायरीपाशी सारे मासे दाटीवाटीने ताटकळत होते.

"मासे इकडे, जेवण तिकडे!" बुद्धभूषण म्हणाला. "वा रे इंजिनिअर!"

"बारा वरसं हितंच डबा वाजवून मूठमूठ टाकलं," मागून आलेली मालनबाई म्हणाली. "माशांनी तोंड फिरवलं की माझा हात थांबायचा. आता डबा वाजवायचा न्हाई, असा हुकूम हाय."

"तू सांगितलं नाहीस साहेबांना?" निकिताने विचारले.

"सांगितलं की. म्हणाले, माशाला काय कळतंय!"

निकिताचा संताप आता शांत झाला होता. शांत आणि धारदार, फुटलेल्या काळ्या दगडासारखा. त्या तिघांनी परातीला दोऱ्या बांधून ती यंत्राच्या गोळ्या पडत तिथे तळाशी सोडली.

शनिवारी योगेशरावांसमोर परात वर आली. फुगलेल्या, बुरसटलेल्या गोळ्यांचा ढीग! दुर्गंधीने ते मागे सरले.

"नाक का धरता, साहेब?" निकिता म्हणाली. "हाच तुमचा चोर. नीट हुंगून घ्या!"

तेवढ्यात मालनबाईने डबा उचलला. टण्, टण्, टण्! पायरीपाशी पाणी उसळले.

योगेशराव ओशाळले. "हुशार आहात रे पोरांनो! शाबास!"

"शाबासकी ठेवा तुमच्याकडेच! चोर कुणाला म्हणालात?"

मग योगेशराव पायऱ्या उतरून खाली आले. "मालनबाई, माझं चुकलं. तुम्ही..."

मूठ पाण्यावर धरलेल्या मालनबाईने मागे वळूनही पाहिले नाही.

"जरा गप ऱ्हावा, साहेब. मासं जेवत्यात."