क्लेमचं ताट

ऐका, पण मध्येच कोणी उठू नका. नोएलीनला मी तीस वर्षं ओळखतो. बाई थापा मारणारी नाही. मागच्या शॉटमध्ये पेला कुठल्या हातात होता, ताटात वाटाणे किती उरले होते, हे टिपून ठेवायचं हेच तिचं काम.

ऑस्ट्रेलियातल्या मूंटा गावी एका जुन्या घरात सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. सोमवार, तेरा जुलै. संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं. बाकीचे गावच्या हॉलमध्ये जेवायला गेलेले, आणि नोएलीन सेटवर टेबल मांडायला आलेली. मटणाची चाप, बटाटे, वाटाणे. तीनच ताटं मांड, असं निर्माता टॉडने बजावलं होतं. चौथं ताट असायचं सिनेमातल्या आजोबांचं. ते काम करणारा क्लेम पेंगेली रविवारी झोपेतच गेला. जन्मभर पोस्टात राबला बिचारा, सत्तरीत सिनेमातलं पहिलं काम मिळालं, आणि अर्धा प्रसंग शुक्रवारी झालाही होता. आता टॉडला आजोबाच नको होते. सगळं नव्याने काढू, म्हणाला, शुक्रवारचे तुझे टिपणांचे कागद फाडून टाक. नोएलीनचं डोकं फिरलं होतं. तरी तिने मुकाट्याने तीन ताटं मांडली.

ग्रेव्ही आणायला आत गेली. परत आली, तर चार.

तिने चौथं उचललं. खुर्ची भिंतीला लावली. वळली... पुन्हा चार. खुर्ची टेबलाशी. शुक्रवारचा फोटो काढून ताडून पाहिलं. सुरी, रुमाल, वाटाणे. तंतोतंत.

खुर्ची करकरली.

कोणीच नव्हतं...

तिला राग आला. क्लेमचा नव्हे, टॉडचा.

"बस, क्लेम," ती म्हणाली. "तुला कोण उठवतं, बघतेच मी."

तेवढ्यात टॉड आला. तीन सांगितली होती ना, म्हणून खेकसला.

"चार आहेत. कागदही फाडणार नाही. ताट हलवायचं असेल तर तू हलव, बाळा."

त्याने हात पुढे केला... मागे घेतला. खिशात घातला.

उरलेला अर्धा प्रसंग त्याच रात्री झाला, आजोबांची खुर्ची कॅमेऱ्याबाहेर ठेवून. शुक्रवारचा क्लेम सिनेमात राहिला. नोएलीनचा त्या रात्रीचा कागद मी स्वतः पाहिलाय. पहिला टेक, चौथं ताट भरलेलं. तिसरा, अर्धं. पाचवा, नुसतं हाड. त्या ताटाला कोणी हात लावला नव्हता. मी तिथेच शूटिंगचा दिवा धरून उभा होतो.

कोण खातंय, या रकान्यात तिने पाचही वेळा क्लेमचं नाव लिहिलंय.