उडत्या बोटीची बुचं

निवृत्त माणूस दिवसभर घरात दिसू लागला की बायकोला फर्निचर जास्त झाल्यासारखं वाटतं. आमच्या हिने तिच्या धाकट्या भावाला फोन केला. "यांना तुझ्याकडे घेऊन जा. तुमच्याकडे जुन्या वस्तूंना निदान किंमत असते."

मेव्हणा संग्रहालयात उडती बोट सांभाळतो. उडती बोट म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान. पंख विमानाचे, पोट होडीचं. ती शेवटची उडाली तेव्हा मी हाफ पॅन्टीत होतो. आता उंच छताच्या कोरड्या दालनात ती लाकडी घोडीवर बसलेली असते. तिच्याखाली उभं राहिलं की माणूस आपोआप हळू बोलतो. मीसुद्धा, म्हणजे बघा.

तिच्या तळाला पितळी बुचं आहेत. रीत अशी, की जमिनीवर ती काढून ठेवायची, म्हणजे आत साचलेलं गळून जातं. पाण्यात सोडताना घट्ट बसवायची. संग्रहालयात ती अर्थातच काढलेली. तरी एका सकाळी पोटात पाणी सापडलं.

मेव्हण्याने करंगळी बुडवून चाखलं. "खारट आहे, भाऊजी."

"छत गळत असेल."

"छतात मीठ असतं का?"

उपसलं, तर दुपारी पुन्हा तेवढंच. छत कोरडं, फरशी कोरडी. खाऱ्या पाण्याने पत्र्याच्या सांध्यांत पांढरी भुकटी धरू लागली. संग्रहालयाच्या समितीने निरोप धाडला: पाहणीला येतो, पाणी दिसलं तर नाक तेवढं जपू, बाकीची कापून भंगारात. मेव्हण्याची सगळी उमेद त्या पत्र्यावर खर्च झालेली. तो जेवेनासा झाला.

पाहणीच्या सकाळी आम्ही बॅटरी घेऊन तिच्या पोटात उतरलो. तळाच्या भोकांवर पाणी हलकेच उकळल्यासारखं फुगत होतं.

"हे गळत नाहीये," मेव्हणा म्हणाला. "आत येतंय."

मी भोकात बोट घातलं. पलीकडे गार काहीतरी वाहत होतं. दारातून वाकून बाहेर पाहिलं, तर खाली हवा आणि पुसलेली फरशी.

"म्हणजे चूक आपलीच," तो शांतपणे म्हणाला. "ती पाण्यात आहे आणि आपण बुचं काढून ठेवलीत."

जन्मभर मी लोकांची टर उडवली. तेव्हा मात्र मी उठून बुचं आणून दिली.

बुचं बाहेरून बसवावी लागतात. तो पान्हा घेऊन तिच्याखाली सरपटला. मी उकिडवा बसून बघत होतो. त्याचे केस वर उठले आणि सावकाश डुलू लागले. शर्ट फुगला. गाल फुगवून तो एकेक बूच आवळत होता.

त्याच्या तोंडातून एक बुडबुडा सुटला.

तो पत्र्याच्या पोटावरून घसरत कडेला आला आणि छताकडे गेला. दिसेनासा होईपर्यंत मी मान वर करून होतो.

मेव्हणा धापा टाकत बाहेर आला. कोरडा ठणठणीत.

पाणी यायचं थांबलं. उरलेलं आम्ही उपसलं, पुसलं. समिती आली. अध्यक्षबाईंनी आतून सगळीकडे हात फिरवला.

"राहू दे अख्खी," त्या म्हणाल्या. मेव्हण्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

खाली उतरल्यावर बाईंनी कौतुकाने तिच्या कुशीवर थाप मारली. ते अवाढव्य विमान त्यांच्या तळव्याखालून अलगद दूर सरकलं, एका पंखावर किंचित कललं आणि परत आलं.



मग बाईंनी खाली न बघता बूट काढले आणि हातात घेतले. एकेक करत आम्ही सगळ्यांनीच घेतले.