काळजीचा डोस

समुद्रातल्या पवनचक्क्यांवर काम करणाऱ्या बहुतेक स्त्रियांच्या दंडात आता 'तोलिका' असे. वेंगुर्ल्याच्या शर्वाणी गावडेनं ती चार वर्षांपूर्वी बसवून घेतली होती. तोलिका म्हणजे कातडीखाली बसवलेली, काडेपेटीतल्या काडीएवढी नळी. शरीरातले निरोप रक्तातून पोचवणाऱ्या रसायनांना संप्रेरकं म्हणतात. तोलिका ती दर तासाला मोजायची आणि स्त्रीबीज बाहेर पडू नये म्हणून लागेल तेवढंच संप्रेरक रक्तात सोडायची. गोळी विसरायची धास्ती नाही, जास्त मात्रेचा त्रास नाही.

पुढच्या महिन्यापासून शर्वाणी भर समुद्रातल्या तळावर सहा महिने तुकडीप्रमुख म्हणून जाणार होती. या नेमणुकीसाठी ती सात वर्षं झटली होती. मूल इतक्यात नको, हे तिचं आणि हेरंबचं लग्नाआधीच ठरलं होतं.

आणि एका सकाळी, नव्वद मीटर उंचीवर शिडी चढताना तिला मळमळलं. पाळी तीन दिवस लांबली होती. चौथ्या दिवशी छाती दुखायला लागली. नवव्या दिवसापर्यंत तिनं घरी तीनदा चाचणी केली.

"अगं, तिन्ही वेळा एकच रेघ आलीय," हेरंब म्हणाला. "अजून काय हवंय तुला?"

"मग मळमळतंय ते काय खोटं आहे?"

दुसऱ्या दिवशी ती कुडाळला डॉ. नफीसा काझींकडे गेली. तोलिका बनवणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी त्या एक. त्यांनी रक्त तपासलं आणि दहा मिनिटांत सांगितलं, "दिवस गेलेले नाहीत. अगदी नक्की."

"मग हे काय होतंय मला?"

डॉक्टरांनी पडद्यावर दोन रेषा दाखवल्या. "ही वरची रेष ताणाच्या संप्रेरकाची. माणूस काळजीत असला की ते वाढतं. ताणामुळे स्त्रीबीजाचं वेळापत्रक बिघडू शकतं, म्हणून ताण वाढला की तोलिका सावध होते आणि मात्रा वाढवते. ही खालची रेष त्या मात्रेची. मात्रा वाढली की मळमळ होते, छाती दुखते, पाळी लांबते."

शर्वाणी रेषांकडे बघत राहिली. वरची चढली की दोन दिवसांनी खालची चढत होती. "म्हणजे नेमणुकीचं पत्र आलं, मला धाकधूक वाटायला लागली, तिनं मात्रा वाढवली. त्यानं मळमळलं, म्हणून मी आणखी घाबरले..."

"आणि तिनं आणखी वाढवली."

यावर दोन उपाय होते. पहिला, तोलिकेनं ताण मोजणं बंद करायचं आणि मात्रा कायमची ठरवून टाकायची. त्यात वर्षाला हजारात एकीला दिवस जाण्याची शक्यता उरत होती. दुसरा उपाय वेगळा होता. मन निवळवणारा एक पदार्थ शरीर स्वतःच तयार करतं. तो तोलिका अगदी थोडा थोडा सोडत राहील. काळजीच वाटणार नाही, म्हणजे मात्राही वाढणार नाही.

"दहा मिनिटं चालू करून दाखवू?" डॉक्टरांनी विचारलं. शर्वाणीनं मान डोलावली.

खांदे सैल झाले. खिडकीबाहेर रिक्षावाले वाद घालत होते, तेही तिला गमतीचं वाटलं.

"छान आहे," ती हसून म्हणाली. "पण मला नको. काळजी वाटली तर वाटू दे, मी बघून घेईन."

"आता नाही लिहून घेणार तुमचं उत्तर," डॉक्टर म्हणाल्या. "असर उतरल्यावर पुन्हा विचारायचं, असा नियम आहे. शांत असताना बहुतेक जणी नको म्हणतात."

"आणि उतरल्यावर?"

"हो म्हणतात. आजवर चारशे बारा जणींना दाखवलं. सगळ्या हो म्हणाल्या."

पाऊण तासानं शर्वाणीच्या तळहातांना घाम फुटला. रक्ताची तपासणी चुकली तर? तळावर पाचव्या महिन्यात कळलं तर? मघाची शांतता हवी, आत्ताच्या आत्ता हवी, असं तिला इतकं तीव्रपणे वाटलं की ती उठून उभी राहिली.

"काय ठरलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला ते हवंय," ती म्हणाली. मग थांबून तिनं श्वास घेतला. "पण द्यायचं नाही. मी शिडीवर रोज घाबरते, डॉक्टर. घाबरते म्हणून पट्टा दोनदा तपासते. ताण मोजणं बंद करा. दर महिन्याला चाचणी करीन, भीत भीत करीन."

तिनं सही केली. नाव स्वच्छ उमटलं. असं ठरवणारी ती पहिलीच. आपल्याला हे जमलं याचा तिला मनापासून अभिमान वाटला. दारापाशी जाऊन ती वळली.

"तुम्ही स्वतः घेता का ते?"

"सहा वर्षं झाली," डॉक्टर काझी प्रसन्नपणे म्हणाल्या.

"बंद करावंसं नाही वाटलं?"

"नाही. गेल्या वर्षी माझ्या मुलीचं हृदयाचं ऑपरेशन झालं. सात तास चाललं. बाहेरच्या बाकावर मी छान झोपले होते." त्या क्षणभर थांबल्या, काहीतरी आठवून पाहावं तशा. "उठल्यावर तिच्या वडिलांनी माझ्याकडे असं का पाहिलं, ते मला अजून कळलेलं नाही."